रॉकेटला ओवाळताना

मैत्रिणींनो, आज घरी काय झालं ते लिहिते.

काकांनी अमेरिकेहून आणलेलं पुठ्ठ्याचं छोटं रॉकेट आज दुपारी जोडून झालं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरी शिकवताना लावलेल्या सवयीने प्रत्येक सूचना मी दोनदा वाचली. शेवटी दारू भरलेली नळी वातीसकट बसवली आणि हात धुवायला गेले.

परत येते तर आई पेटलेलं निरांजन घेऊन रॉकेटला ओवाळत होती. ज्योत रॉकेटच्या वातीपासून जेमतेम वीतभर लांब.

मी तिचा हात मागे ओढला. तूप सांडलं.

"अगं, नवी वस्तू हाय. तशीच उडवायची व्हय?"

मी सगळं सांगितलं, तसं तिने निरांजन लांब नेऊन ठेवलं. मग म्हणाली, "आधी ती दारू काढ. मी ओवाळते, मग भर की."

तसंच केलं. पण नळी परत बसवायचा धीर होत नाही. तुम्हाला झाला असता?