चार वाजताचा चमचा

सक्शन मशीननं बसूच्या घशातला कफ ओढला, तर बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी. मी बाटली नाकाशी धरली. आल्याचा वास!

बसू कबनूरचा, चौतीस वर्षांचा यंत्रमागवाला. मोटरसायकलवरून पडला, मेंदूला जबर मार बसला, त्याला तीन वर्षं झाली होती. डोळे उघडायचा, ओळख नाही, गिळणं नाही. अन्न सगळं राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात सोडलेल्या नळीतून. तोंडानं दिलं की ते फुप्फुसात उतरतं. त्यानं दोनदा न्यूमोनिया झाला होता. तिसरा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी हॉस्पिटलातून रिटायर होऊन घरोघरी नर्सिंग करायला लागले होते. वय अठ्ठावन्न, म्हणजे तसं पोरकटच. स्वतःला डिटेक्टिव्ह समजून मी थेट त्याच्या बायकोला, सुजाताला धरलं.

"खरं सांग, चहा तू पाजलास?"

"न्हाय वो सिस्टर! त्येंच्या जिवावर उठीन व्हय मी?"

ती रडत आत गेली. मला वाटलं, चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी न सांगता चार वाजता गेले. चहासाठी गल्लीतले माग नुकतेच थांबले होते. बसूची आई कप घेऊन आली. तिला सगळे अव्वा म्हणत. पहिला चमचा बसूच्या ओठांत. मग ती स्वतः पिणार, तोच मी ओरडले,

"अव्वा, हे काय?"

"एकच चमचा की! तुमीच म्हनलासा, त्याच्यासंगं पयल्यागत वागा. पयलं आमी दोघं चारला संगटच च्या प्यायचो."

म्हणाले होते खरी. तेही मोठ्या ऐटीत.

"लेकाला सोडून माझ्या घशाखाली उतरंल व्हय?"

सुजाता दारात येऊन उभी राहिली. "तीन वर्सं झाली, ह्या घरात सणालाबी गोड केलं न्हाय. त्येंनी खायाचं न्हाय, म्हणून कुणीच खायाचं न्हाय. आता कळलं, चोर कोण ते?"

मी तिची माफी मागितली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"पाजायचं अजिबात नाही," ते म्हणाले. "खाटेची डोक्याकडची बाजू वर करा. स्वॅब, म्हणजे कापसाचा बोळा, चहात बुडवून, घट्ट पिळून फक्त ओठांवरून फिरवा. थेंब गळता कामा नये."

अव्वानं स्वॅब असा पिळला, जणू गोधडीच. बसूच्या ओठांवरून फिरवला.

"चाटलं बगा!"

मी चष्मा लावून वाकले. चाटलं की नुसती स्नायूची हालचाल? अजूनही सांगता येणार नाही. अव्वानं मात्र कप उचलला आणि ती सगळा चहा प्यायली.

त्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला नाही. बसू होता तसाच राहिला. संक्रांतीला सुजातानं गुळाच्या पोळ्या केल्या. अव्वानं अर्धीच खाल्ली, पण खाल्ली.

त्या घरच्या फाइलमध्ये प्रत्येक भेटीखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'नातेवाईकांना समजावून सांगितले.' सांगितलं होतं, एवढं मात्र खरं.