मढला चाललं तरच पुढे

आदरणीय अशोकराव साळवे सरांच्या साठीच्या सोहळ्यात निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी लेख लिहा, असा निरोप आला तेव्हा माझ्या मनात आधी शंकाच आली. मी बेल्ह्याची. आमच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय कुणी सौदा करत नाही, त्यामुळे संशय माझ्या अंगातच आहे. हा सोहळा कुणाच्या डोक्यातून निघाला, हे शेवटी सांगते. आधी सर.

सरांना मी पहिल्यांदा भेटले ते नारायणगावच्या ऑफिसात, मुलाखतीला. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सर प्रोग्रॅम बनवतात, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी माझ्या प्रमाणपत्रांना हातही लावला नाही. "इथं जुन्या कॉम्प्युटरवर काम करावं लागेल, चालेल?" एवढंच विचारलं. माणूस चिक्कू दिसतोय, असं मला वाटलं. रुजू झाल्यावर पाहिलं, तर ऑफिसातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर सरांच्याच टेबलावर होता.

आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम ज्या साधनातून तयार होऊन बाहेर पडतो, त्याला आम्ही बिल्ड टूल म्हणतो. कंपनीत नव्याने आलेल्या पुण्याच्या भागीदारांनी नवं बिल्ड टूल घ्यायचा आग्रह धरला. त्याने काम झटपट होणार होतं, पण त्यातून निघालेला प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर उघडतच नव्हता. "जुनं विंडोज आता वापरतंय कोण?" असं म्हणत त्यांनी केंद्रांकडून नेटवरून आपोआप येणारी माहिती पडद्यावर दाखवली. त्यात जुनं विंडोज असलेलं एकही केंद्र नव्हतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सर डोळे बारीक करून पाहत राहिले आणि म्हणाले, "ज्यांच्याकडं नेटच न्हाई, ते यात दिसतील कसे?"

दुसऱ्या दिवशी सर मला गाडीवर घेऊन डोंगराकडच्या मढ गावाला गेले. तिथलं केंद्र सुमनताई चालवतात, जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर आणि नेटशिवाय. आम्हाला पाहताच त्यांच्या कपाळावर आठी.

"पावणं, नवीन कॉम्प्युटर घ्या म्हणायला आला असाल तर चहा घ्या आन् निघा. दुधाचं फॅट मोजायचं मशीन ह्याच डब्याला जोडता येतं, नव्याला न्हाई. ह्ये बंद पडलं की दूध संघवाले केंद्राला कुलूप लावायला टपूनच बसल्यात. मंग माझं काम गेलं, आन् वरल्या वाड्यांचं दूध कुठं जायाचं?"

"ताई, मी विकायला न्हाई, बघायला आलोय," सर म्हणाले. संध्याकाळचं दूध मोजून होईपर्यंत ते तिथेच बसले.

त्या दिवसापासून ऑफिसात एक रीत पडली. बिल्ड टूल कुठलंही घ्या, त्यातून निघालेला प्रोग्रॅम आधी मढच्या डब्यावर चालला पाहिजे. प्रत्येक नवी आवृत्ती सर पेनड्राइव्हवर घेऊन, शर्टाच्या खिशात ठेवून स्वतः मढला नेतात. सुमनताई "चाललं" म्हणाल्या की मगच ती बाकीच्या केंद्रांना जाते. यात आमचं काम वाढतं आणि आम्ही कुरकुरतोही. सरांच्या भाच्याचं मंचरला जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे, म्हणून हा अट्टाहास, अशी कुजबुज मध्यंतरी ऑफिसात झाली. मी चौकशी केली. सरांना भाचाच नाही.

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा सर त्यांच्या गावाहून, निरगुडसरहून, घरचा डबा घेऊन आले. वडिलांना 'जय भीम' घातला, उशाशी ठेवलेल्या औषधांवरच्या तारखा एकेक करून तपासल्या आणि मगच खुर्चीत टेकले. नर्सबाई चिडल्या. मला मात्र त्या रात्री बऱ्याच दिवसांनी निवांत झोप लागली. सरांचा संशय म्हणजे त्यांची मायाच आहे, हे मला तेव्हा कळलं.

आता सोहळ्याबद्दल. या ग्रंथाचा खर्च भागीदार करताहेत. निमंत्रणपत्रिकेवर 'निवृत्तीच्या शुभेच्छा' असं छापलंय, आणि सरांनी तर निवृत्तीचा शब्दही काढलेला नाही. शिवाय ऑफिसातल्या एका मशीनवर ते नवं बिल्ड टूल गुपचूप बसवलेलं मी परवाच पाहिलं. शाल पांघरून माणसाला घरी बसवायची आपल्याकडची रीत मला चांगली माहीत आहे. संपादकांनी हा परिच्छेद छापला, तर तेही भागीदारांना सामील आहेत की काय, ही माझी एक शंका तरी फिटेल.

हे सगळं मी सुमनताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "शाल घ्या म्हणावं सरांनी, लई शोभंल. पण त्यो पेनड्राइव्ह कुणाच्या हातात देऊ नका म्हणावं."

सरांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, ही माझी अगदी मनापासूनची इच्छा आहे. सर, नवी आवृत्ती तयार आहे. सत्कार आटोपला की बाहेर या, मढला जायला मी गाडी काढून ठेवते.