मयत सभासदांचा कल

माझ्या छापून येणाऱ्या पहिल्याच विज्ञानकथेवर पहिली लेखी हरकत घेतली ती एका साखर कारखान्याच्या निवडणूक पॅनेलनं. तिच्यावर अकरा सह्या होत्या आणि त्यातली तिसरी माझ्या सख्ख्या चुलत्याची होती.

आधी माझा उद्योग सांगतो. मी इस्लामपुरात कॉलेजावर संख्याशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात निवडणुकांचे आकडे चिवडतो. सोसायटी असो नाहीतर विधानसभा, कोणत्या केंद्रावर कोणती भावकी कुणीकडं झुकली याचा तक्ता करून सांगलीच्या एका साप्ताहिकात लिहितो आणि तोच यूट्यूबवर बोलून दाखवतो. लोक मला ओळखतात. ओळखतात म्हणजे रस्त्यात गाडी आडवी घालून विचारतात, "काय सर, कोण येतंय?" मयताला गेलो तरी विचारतात. (एकदा सरण पेटायच्या आधी विचारलं होतं. मी सांगितलंही होतं.)

पण माझा खरा जीव विज्ञानकथेत. सहा वर्षं मी दिवाळी अंकांना कथा पाठवतोय आणि त्या परत येतायत. एकानं कळवलं, विज्ञान आहे पण कथा नाही. दुसऱ्यानं त्याच कथेवर कळवलं, कथा आहे पण विज्ञान सापडलं नाही. तिसरा म्हणाला, कथेच्या शेवटी तक्ता कशाला? मी तक्ता काढला नाही. एका संपादकांनी तर कथा परत करताना सोबत चिठ्ठी जोडली, की त्यांच्या तालुक्यात यंदा कोण निवडून येईल ते दोन ओळींत कळवावं. मी कळवलं नाही. माझ्यातला लेखक दुखावला होता. (नंतर फोनवर सांगितलं, ते वेगळं.)

यंदा मात्र सांगलीच्या एका संपादकबाईंचा फोन आला. कथा घेतली म्हणाल्या, आणि तक्त्यासकट घेतली! मी तेव्हा सांगलीच्या बसस्थानकावर उभा होतो. आनंद मावेना, म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं, माझी विज्ञानकथा छापून येतीय. त्यानं मला निरखून पाहिलं, ओळखलं, आणि कारखान्याला कोण येतंय ते विचारलं.

कथा अशी होती. बरीच वर्षं पुढचा काळ. कारखान्याच्या मतदारयादीत मयत सभासदांची नावं तशीच राहिलेली आहेत. (इथवर विज्ञान नाही, हे चालू वर्तमान आहे.) पुढं विज्ञान. एक यंत्र निघतं, त्यात गेलेल्या माणसांची मनं जपून ठेवलेली असतात. यंत्र एकेकाला विचारतं, आता भावकी नाही, सरपंच नाही, बांधावरचा शेजारी नाही, कुणी बघत नाही, तर तुझं मत कुणाला? आणि सगळे मयत सभासद आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनानं मत देतात. शेवटी त्याचा तक्ता.

तक्त्याला नावं हवी होती, आणि नावं सुचण्याच्या बाबतीत मी ठार अडाणी. माझ्या आधीच्या सगळ्या कथांतले शास्त्रज्ञ अनिकेत होते. त्याच वेळी टेबलावर आमच्या कारखान्याची खरी मतदारयादी पडली होती, कारण महिन्यावर निवडणूक आली होती आणि कपबशी चिन्हाच्या पॅनेलमधून आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, उभे होते. यादीतल्या मयतांवर मी विश्लेषणासाठी लाल पेन्सिलीनं गोल केले होते. तीच नावं उचलली, गावासकट, सभासद क्रमांकासकट. मेलेली माणसं काय हरकत घेणार, असा माझा हिशेब होता. घरचा मान म्हणून पहिल्या ओळीत माझे आजोबा आण्णांना घेतलं. त्यांचं मत सगळ्यात शेवटी टाकलं छत्रीला, म्हणजे विरोधी पॅनेलला. त्यामागं काही हेतू नव्हता. कपबशीचा रकाना भरत चालला होता आणि तक्ता एका अंगाला कलंडल्यासारखा दिसत होता, एवढंच.

छपाईआधीची पानं तपासायला आली, तेव्हा ती मी आपण होऊन तात्यांना पाठवली. तात्या फौजेत सिग्नलमध्ये होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. यंत्राच्या बिनतारी भागात काही चुकलंय का एवढं त्यांनी पाहावं अशी माझी इच्छा. पण आमच्या घरात माझं लिखाण तक्त्यापासून वाचतात. मजकूर म्हणजे पुडीचा कागद, असं सगळ्यांचं मत आहे. तात्यांनी 'मयत सभासदांचा कल' एवढा मथळा पाहिला, त्या पानाचा फोटो काढला आणि खालचं काही न वाचता पॅनेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिला. वर लिहिलं, 'पुतण्याचा आतल्या गोटातला तक्ता. गुप्त ठेवावा.'

तासाभरात दोन तालुक्यांत गुप्त ठेवला गेला.

मग फोन सुरू झाले. एका गावाहून विचारणा झाली, आमचे वडील छत्रीच्या रकान्यात कसे? मी म्हटलं, ती गोष्ट आहे. ते म्हणाले, गोष्ट आहे हे आम्हालाही कळतं, पण पुरावा काय? दुसऱ्या एकांच्या चुलत्याला मी कपबशीत घातलं होतं. ते छत्रीवाले निघाले, त्यांनी मला कोर्टात भेटायचं ठरवलं. मेलेल्यांनी मत दिलं याबद्दल एकानंही तक्रार केली नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, दिलं ते चुकीच्या चिन्हाला दिलं! एका मुरलेल्या कार्यकर्त्यानं तर शांतपणे विचारलं, "सर, ह्यातली किती वळवता येत्याल? कुणाला भेटाय लागंल?"

संध्याकाळी विरोधी पॅनेलच्या उमेदवारांचा फोन आला. आण्णा मनानं आपलेच होते हे वाचून भरून आलं म्हणाले, आणि शनिवारी सकाळी दहाला आण्णांच्या फोटोला हार घालायला येतो म्हणाले. सोबत फोटोग्राफर असणार होता.

तात्यांनी मला बोलावून घेतलं. तोवर त्यांनी तक्त्याची पहिली ओळ वाचली होती. मी लगेच म्हटलं, आण्णांचं नाव काढून तिथं अनिकेत टाकतो. तर ते आणखी भडकले. वडलांचं नाव छापून येतंय ते काढायचं नाही म्हणाले.

"नाव ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "मत फिरव. आरं, कपबशी लिवाय किती येळ लागतोय?"

वेळ लागणारच नव्हता. एक शब्द होता. आणि तिथंच माझं डोकं फिरलं. सहा वर्षं मी कथा लिहितोय आणि सगळा मुलूख मला फक्त कोण येतंय ते विचारतोय. आता एक कथा छापून येतीय, तिचा सगळा जीव एवढाच की मेल्यावर तरी माणसाचं मत कुणी फिरवू नये, आणि ती छापून यायच्या आत माझाच चुलता येऊन ते फिरवा म्हणतोय. मला राग आला, आणि तो रास्त होता असं मला आजही वाटतं.

"तात्या, जित्यांची मतं तुमी फिरवा," मी म्हणालो. "ह्या एकाला मी हात लावू देणार न्हाई."

आमच्या घरात तात्यांना असं कुणी बोललं नव्हतं. मीही नव्हतो. तात्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि पॅनेलच्या लेटरहेडवर संपादकबाईंना ती अकरा सह्यांची हरकत धाडली. बाईंनी मला फोन केला. हरकत आली म्हणजे कथा वाचली गेली, म्हणाल्या, पण घरचं तुम्ही बघा. शनिवारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवा. नाही म्हणालात तर त्या पानांवर सराफाची जाहिरात जाईल.

मधल्या दोन दिवसांत सगळ्यांनी मला समजावून पाहिलं. बायको म्हणाली, तुमच्या कथा तशाही पुढच्या काळातल्या असतात, मग पुढच्या वर्षी छापा. आई तेवढी शेंगा फोडत बसली होती.

शनिवारी दहाला दोन गाड्या आल्या. छत्रीचे उमेदवार उतरले, मागं हार, त्यामागं फोटोग्राफर. तात्या दारात फौजी पवित्र्यात उभे. आत कुणाला सोडेनात आणि दारात आलेल्या माणसाला जा असंही म्हणता येईना. कोरेगावला दिलेली माझी आत्या, आण्णांची एकुलती लेक, हे सगळं ऐकून पहिल्या एसटीनं आली होती. तिनं पाहुण्यांना ओट्यावर बसवलं. शेवटी तात्यांनी सगळ्यांसमक्ष मला विचारलं, काय ठरलं? मी खिशातून फोन काढला, संपादकबाईंना लावला आणि जसं आहे तसं छापा म्हणून सांगितलं. ओट्यावर छत्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनाही मी बजावलं की ही गोष्ट आहे, प्रचार नाही, हार परत न्या. दोन्ही पॅनेल एकाच वेळी माझ्यावर नाराज झाली. असा समतोल मला विश्लेषणात कधी साधला नव्हता.

तात्या म्हणाले, बापाच्या नावावर बट्टा लागला.

"कशाचा बट्टा?" आत्या म्हणाली. "आण्णा छत्रीलाच टाकायचं."

आण्णांना शेवटच्या काही वर्षांत दिसत नव्हतं. मतदानाला सोबत कुणीतरी लागायचं, आणि त्यासाठी ते दर वेळी कोरेगावहून आत्यालाच बोलावून घ्यायचे. घरात एवढी माणसं असताना लेकच का, असं कुणी विचारलं नव्हतं. लेकीवर जीव आहे, असं सगळे धरून चालले होते.

"शिक्का तू मारलास?" तात्यांनी विचारलं.

"त्येंनी सांगितला तितं मारला. म्हणायचं, घरातली समदी मतं तात्या म्हणंल तिकडं जात्यात, एक माजं माज्याजवळ ऱ्हाऊ दे."

तात्या खाली बसले. दारातून दिसणाऱ्या बापाच्या फोटोकडं त्यांनी पाहिलं. मग आत वळून पाहुण्यांना चहा टाकायला सांगितला, आणि मला म्हणाले, "छाप." माझे डोळे भरून आले. कथा छापून येणार म्हणून की आण्णांसाठी, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही मी त्याचा तक्ता केला नाही.

कथा छापून आली. तात्या निवडूनही आले, पण मी वर्तवलं होतं त्यापेक्षा फार काठावर. आमच्या गावच्या केंद्रापुढं मी 'एकगठ्ठा कपबशी' असं ठामपणे लिहिलं होतं, आणि तिथंच छत्री चांगली उघडली होती. मी दोन दिवस तक्ता घेऊन डोकं खाजवत बसलो. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन आईलाच विचारलं, कारण वडलांच्या पश्चात कारखान्याचा शेअर, म्हणजे मतही, तिच्या नावावर आहे.

"आई, तू कुणाला दिलंस?"

आईनं भाकरी उलटली. "तू गोष्ट लिव की," म्हणाली. "त्यात तुजं बरोबर येतंय."

तेव्हापासून मी दोन जिल्ह्यांचा कल छातीठोकपणे सांगतो, फक्त एका घरापुढं 'कल अस्पष्ट' असं लिहितो. त्या घरात मी राहतो.