बारा दारांवरची नावं
ऑइलपेंटचा वास मला अजूनही सहन होत नाही. रोह्याच्या त्या लहानशा होमिओपॅथी कॉलेजात मी प्रभारी प्राचार्य होतो, आणि खरं सांगायचं तर रोज येणारा एकुलता एक शिक्षकही मीच. मान्यता गेली असती तर मुलांचं वर्ष बुडालं असतं, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी संस्थेने बारा दारांवर बारा प्राध्यापकांची नावं रंगवून घेतली. सकाळी पेणकडचे बारा डॉक्टर दवाखाने बंद ठेवून आले आणि दारावरचं आपलं नाव शोधून आत बसले. ओल्या रंगाच्या वासात हसणं-बोलणं भरून राहिलं. त्यातल्याच एकाने मला विचारलं, "अहो, प्राचार्य कुठे बसतात?" तपासणी सुरळीत पार पडली, आणि चारच्या आत सगळ्या गाड्या नदीवरचा अष्टमीचा पूल ओलांडून गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या शिपाई मावशी तेरा कप चहा घेऊन आल्या. "सर, बाकीचे अजून आले नाय?" मी म्हटलं, "ते आता नाही यायचे, मावशी." त्यांनी एक कप माझ्यापुढे ठेवला आणि बाकीचा चहा त्या परत घेऊन गेल्या. वर्गाकडे जाताना मी बंद दारांवरची बाराही नावं वाचत गेलो. इतक्या वर्षांनी काल घरी दारावरची पाटी नव्याने रंगवायला पेंटर आला होता. "काका, खाली जागा हाय, अजून कुनाचं नाव टाकू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जो इथे राहतो, त्याचंच लिही."