धडगावच्या पुढे, मांडीवर बोर्ड घेऊन

आमचे हे आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली. माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यांच्यामागे घरात वाचायला त्यांचीच पुस्तकं होती, म्हणून ती वाचली. पहिल्या खेपेला काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला अर्थिंग कळलं, आणि मग सोडवेना.

त्यांची जुनी विद्यार्थिनी रमिला धडगावच्या पुढे एका आश्रमशाळेत मुलींना वायरिंग शिकवते. तिला ह्यांनी केलेला बोर्ड हवा होता. सागाची फळी, दोन बटणं, मध्ये एक बल्ब. जिन्याची वायरिंग म्हणतात तिला: खाली लावायचा, वर जाऊन बंद करायचा, किंवा उलट. दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, मी स्वतः घेऊन येते, मुलींना दाखव, आणि तो माझ्याबरोबर परत येईल. ती म्हणाली, चालेल काकू.

जानेवारीतल्या एका शनिवारी सारंगखेड्याहून सकाळी निघाले. शहाद्याला धडगावची एसटी मिळाली. म्हसावद सुटलं की ऊस-केळी मागे पडतात आणि घाट सुरू होतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि न्याहारी शहाद्यातच आटोपू नये. मी आटोपली होती. बोर्ड चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता.

कंडक्टर म्हणाला, "हाई काय शे मावशी? टीव्ही शे का?"

"नही भाऊ. जिना शे."

त्याने चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. जिन्याला काही पडलं नाही.

धडगावला शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. तिखट होती, मागितल्यावर कांदा दोनदा मिळाला. रोख पैसे खालूनच घेऊन या, वर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. पुढे जीप. ती वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. शेजारच्या म्हातारीने माझ्या बोर्डावर कोंबडीची पिशवी ठेवली. तिला पावरी येत होती, मला अहिराणी. त्यामुळे भांडण झालं नाही. रस्ता वळणांचा आहे, खाली दरी, पलीकडच्या उतारावर एकेक घर सुटं सुटं. बाहेर बघायला छान आहे. मी बल्बकडे बघत होते.

शाळेच्या वसतिगृहात पोचले तेव्हा मुलींचं संध्याकाळचं जेवण चाललं होतं. डाळ-भात, मक्याची भाकरी. तिखट डाळ, तरी एकही मुलगी पाण्याला हात लावीना. पेले उपडे. मी रमिलाला विचारलं, पाण्यात काही आहे का? ती म्हणाली, पाणी चांगलं आहे, संडास लांब आहे.

अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, महूच्या म्हणजे मोहाच्या झाडामागे. मध्ये खांबावर दिवा आहे, आणि त्याला दोन बटणं आहेत, एक खोलीच्या दाराशी आणि एक संडासाशी. कामाच्या कागदावर दोन बटणं लिहिली होती, वायरमनने दोन बसवली. फक्त ती साधी बटणं एकामागे एक जोडून गेला. म्हणजे दोन्ही चालू असतील तरच दिवा लागतो. सकाळी कोणी तिकडचं बंद केलं की संध्याकाळी इकडचं कितीही दाबा. मग अंधारात चालत जाऊन दिवा लावायचा. मागच्या पावसाळ्यात तिथे साप निघाला. तेव्हापासून मुली दुपारनंतर पाणी पीत नाहीत. दोघींना लघवीला जळजळ होते म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. रमिला जूनमध्ये इथे आली, तिने अर्ज दिला आहे. अर्ज वर गेला आहे.

रविवारी सकाळी वर्ग झाला. मुलींनी जिन्याच्या वायरिंगची आकृती फळ्यावर बिनचूक काढली, परीक्षेला येते म्हणून. मग मी बोर्ड उघडला. एका बटणाने बल्ब लागला, दुसऱ्याने विझला, पुन्हा पहिल्याने लागला. मुली पुढे सरकल्या.

सुनीता नावाची दहावीतली मुलगी मागेच बसून राहिली. रमिलाने तिला विचारलं, समजलं ना? ती म्हणाली समजलं, पण आमच्याकडे कोणाच्याच घरी जिना नाही, तर हे लावायचं कुठे? सगळ्या हसल्या. हसता हसता तिनेच खिडकीतून अंगणाकडे पाहिलं आणि पावरीत काहीतरी बोलली. हसणं थांबलं. मला भाषांतर लागलं नाही.

तासाभरात त्यांनी अंगण मापलं. दोन बटणांमध्ये एक जादा तार ओढायची, ती रमिलाकडे होती. दोन टू-वे बटणं हवीत, बोर्डावर आहेत तशी, ती नव्हती. तिने धडगावच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ते आते नही शे ताई. शहादाथून मांगाडनं पडी." किती दिवस, तर ते त्यालाही सांगता येईना.

रमिलाने फोन ठेवला आणि मुलींना म्हणाली, आली की बसवू. कोणी बोर्डाकडे पाहिलं नाही. इतक्या शिस्तीने कोणी पाहिलं नाही की मला कळलं.

मी बाहेर महूखाली जाऊन बसले. बोर्डावरची बटणं ह्यांनी मुंबईच्या एका पाडलेल्या इमारतीतून आणली होती, जड, पितळी टोकाची. दर रविवारी खोबरेल लावून पुसायचे. गेल्यावर मी पुसत होते. त्यांची बोटं लागलेल्या वस्तू घरात पुष्कळ आहेत, पण दाबल्यावर काही होतं अशी ही एकच.

आत येऊन मी स्क्रूड्रायव्हर मागितला.

रमिला म्हणाली, "काकू, नको. परत न्यायचं ठरलंय आपलं."

"फळी नेते ना परत."

"मी शहाद्याहून मागवते. आठवडाभर थांबू."

"आठवडाभर त्यांनी पाणी नाही प्यायचं?"

तिने मेन बंद केलं आणि मध्येच कोणी चालू करू नये म्हणून फ्यूज काढून ओढणीच्या टोकाला बांधला. सरांनी शिकवलं होतं, म्हणाली. आमचे हे फ्यूज शर्टाच्या खिशात ठेवायचे. एकदा तसेच घरी आले आणि वर्कशॉप दुसऱ्या दिवसापर्यंत अंधारात राहिलं. मी हे सांगितलं तेव्हा रमिला हसली, मग नाक पुसत राहिली.

बटणं सुनीताने काढली. मला वाटलं होतं मी काढीन, पण पहिलाच स्क्रू हलेना.

एक काम मात्र मी सांगितलं. खांबावरचा बल्ब उघडा होता, थेट डोळ्यात यायचा आणि पायाखाली काही दिसायचं नाही. पुस्तकात आहे, दिवा दिसायला नको, वाट दिसायला हवी. मुलींनी तेलाचा पत्र्याचा डबा कापून वर टोपी केली. ती वाकडी झाली. उजेड सरळ पडला.

दिवस मावळल्यावर सुनीताने दाराशी दिवा लावला, चालत पलीकडे गेली आणि तिकडून विझवला. क्षणभर अंधार, मग तिकडूनच पुन्हा लावला आणि परत आली. त्यानंतर सगळ्यांना एकदम जायचं होतं. रांग लागली. निम्म्या नुसत्या बटण दाबून परत येत होत्या. रमिलाने रागावायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

सोमवारी परत निघाले. मांडीवर फळी होती, हलकी. कंडक्टर दुसरा होता, त्याने काही विचारलं नाही.

फळी आता कपाटाला टेकून उभी आहे, दोन भोकांची. रविवारी खोबरेलाची बाटली हातात घेते आणि मग केसांना लावते. दुःख कमी झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते आहे तेवढंच आहे, फक्त रविवारी सकाळी त्याला काही काम उरलेलं नाही.

परवा रमिलाचा फोन आला. वसतिगृहाच्या अधीक्षिकांची तक्रार आहे, पाण्याची टाकी हल्ली संध्याकाळीच रिकामी होते. मी म्हटलं, त्यांना सांग, मोठी टाकी मागा.