शाकाहारी इमारतीतला गायक

वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तंजावरकडचे मराठी. घर देण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "अंडं?" मी नाही म्हटलं, तरी त्यांनी माझ्या पिशवीकडे बराच वेळ पाहिलं.

हिवाळ्यात गच्चीवरच्या लिंबाच्या झाडावर खाटीक पक्षी येतो आणि हुबेहूब बुलबुलासारखा गातो. सेक्रेटरी डोळे मिटून मांडीवर ताल धरतात. "काय सात्त्विक गळा!"

एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गेलो, तर ते अर्धी खाल्लेली पाल कागदात धरून लिंबाच्या काट्यावरून सोडवत होते. हा पक्षी शिकार अशी काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो.

"अय्यो, बायकोस सांगू नका हो," ते कुजबुजले. "झाड तोडून टाकेल. मग हा कुठं जाईल?"

"पाल फेकून देताय?"

"छे! उपाशी राहील तो." त्यांनी तोंड फिरवून ती पाल भिंतीकडच्या काट्यावर नीट टोचली.

त्या रविवारी माझ्या ऑम्लेटचा वास जिन्यात पोचला. सेक्रेटरी दारापाशी थांबले, खाकरले आणि हळूच म्हणाले, "मागची खिडकी उघडा हो."