लॉनवरचं लग्न

आमच्या वडगावच्या गल्लीतले आप्पा साड्या विणतात. कुणीही भेटलं, की आधी त्याची बाही चिमटीत धरतात आणि कापडाबद्दल तोंडावर खरं सांगतात. माझ्या दिवाळीच्या शर्टाला ते 'पोतं' म्हणाले होते, तेही माझ्या सासऱ्यांसमोर.

परवा त्यांच्या पुतणीचं लग्न एका लॉनवर होतं. "लॉन म्हंजे तलम सुती कापड. त्येच्यावर लगीन कसं लावत्यात?" असं आप्पा आठवडाभर विचारत होते. पोचलो तर तिथं गवताची काडी नव्हती. फरशीवर हिरवं प्लॅस्टिक अंथरलेलं. निपाणीहून आलेले नवऱ्याचे मामा फाटकातच अडून बसले.

"लॉन सांगून फसवलं! आमी आत येत न्हाय."

आप्पांचे भाऊ हात जोडत होते. मुंडावळ्या बांधलेली पुतणी रडकुंडीला आली होती.

आप्पांनी मामांचा झब्बा चिमटीत धरला. "पावणं, लॉन खाली काय हुडकताय? अंगावर घालून आलाय की! लई तलम!"

मामा चमकले, मग गालात हसले. "व्हय? आमच्या हिनं पसंत केलाय," म्हणत आत गेले.

जेवताना मी विचारलं, "आप्पा, खरंच लॉन होतं?"

"पोलिस्टर रं," आप्पा हळूच म्हणाले. "पर पोरीचं तोंड बघवंना झालतं."